दुकानातून उतरवलेला खेळ

खेळ गायब झाल्याचं सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन दुकानाचं पान उघडायची आणि खेळाबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायची. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं. जगातले निम्मे खेळ तिथेच विकले जायचे. आईला मात्र ते कोपऱ्यावरचं दुकान असल्यासारखंच वाटायचं.

"अगं, आपलं पान उघडत नाहीये," ती म्हणाली. "ही वस्तू विक्रीस उपलब्ध नाही म्हणतंय. संपली की काय?"

"आई, ती संपत नसते," ताई म्हणाली आणि हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून स्क्रीनकडे आली.

पान खरंच नव्हतं.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून हा खेळ केला होता. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, आईसह तिघं तिथेच राहायचे; खालच्या वाफेने एक भिंत बारा महिने कोमट असायची. ताई प्रोग्रॅम लिहायची, भाऊ चित्रं काढायचा. भाऊ उंच आणि काटकुळा, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला टोळ म्हणत. आईला अख्ख्या आयुष्यात एकही खेळ खेळता आला नव्हता, म्हणून तपासायचं काम तिच्याकडे. तिला जमलं की कुणालाही जमेल, असा हिशेब.

खेळ साधा होता. तुम्ही नावाडी. माणसं होडीत बसतात, आपापल्या गोष्टी सांगतात, नदीच्या मध्यावर असलेल्या बेटावर उतरतात. पलीकडचा काठ मात्र कायम धुक्यात. तिकडे वल्हवलं की होडी गोल फिरून परत यायची. तीन वर्षं लोक विचारत होते, तिकडे आहे तरी काय? मग दोघांनी तो काठ करायला घेतला. मूळ खेळ ज्याच्याकडे आहे त्याने वेगळा विकत घ्यायचा, मूळ खेळाला जोडायचा, असा नवा भाग. धंद्यात त्याला डीएलसी म्हणतात. हे तिघं त्याला नुसतं 'पलीकडचं' म्हणायचे.

पलीकडचं सुरू झालं आणि दोन महिन्यांत टोळच्या डोळ्यांचं निदान झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. नजर कडेकडून मिटत जाणार. डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत, पण टोळने खोदून खोदून विचारल्यावर म्हणाले, "चित्रं काढायची असतील तर आता काढा."

त्याने काढली. आधी बसल्या जागी, मग मान हलवत हलवत. पहिल्यांदा ताई हसली होती, "कोंबडीसारखं काय करतोस?" त्यानंतर कधी हसली नाही. अठरा महिन्यांत त्याने अख्खा काठ काढला. गवत, घाटाच्या पायऱ्या, दोरीवर सुकत घातलेले कपडे, एक शाळा, शाळेच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. एकच म्हणायचा, "लोकांना तिकडे उतरताना बघायचंय मला. बाकी काही नको." लोक खेळताना स्वतःचे व्हिडिओ टाकतात, त्याला ते व्हिडिओ बघायचे होते. बघता येतंय तोवर.

पलीकडचं सोमवारी विक्रीला येणार होतं. खेळाचं पान गेलं ते सोमवारच्या सकाळी.

खेळ विकायची जबाबदारी एका मोठ्या प्रकाशक कंपनीकडे होती. तिथे यांचं काम बघणाऱ्या बाईंना टोळने होहोबाई नाव ठेवलं होतं. त्या प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायच्या आणि पुढे काहीच हलायचं नाही. ताईने फोन लावला.

"हो हो, कळलंय आम्हाला," होहोबाई म्हणाल्या. "काय झालंय, दुकानवाले प्रत्येक विक्रीतला तिसरा हिस्सा घेतात ना? तर वरून असं ठरलं, की नवा भाग दुकानातून नाही, थेट खेळाच्या आतूनच विकायचा. आमच्या स्वतःच्या काउंटरवरून. दुकानाचा नियम आहे, की खेळात जे विकाल ते त्यांच्या दुकानातही ठेवायला हवं. म्हणून त्यांनी खेळ उतरवला."

"आम्हाला विचारलंत का?"

"हो हो, पत्र गेलं असेल."

"नाही आलं."

"बघते हं मी."

पलीकडचं प्रकाशकाच्या काउंटरवरही दिसेना. होहोबाईंनी दुपारी कळवलं, की वाद मिटेपर्यंत तेही थांबवलंय, वकिलांचा सल्ला.

मग ताईने दुकानाला लिहिलं. पहिल्या चार पत्रांना यंत्राने उत्तर दिलं. पाचव्याला माणसाने दिलं, अगदी सभ्य भाषेत: आपला करार आपल्या प्रकाशकाशी आहे, आमचा करारही त्यांच्याशीच आहे, त्यामुळे आपल्याशी या विषयावर बोलण्याची आम्हाला मुभा नाही. आपला खेळ मला वैयक्तिकरीत्या फार आवडला होता. ताईने ते 'होता' तीनदा वाचलं.

आई म्हणाली, "दुसऱ्या दुकानात ठेवा ना. एकच दुकान आहे का जगात?"

"प्रकाशकाची परवानगी लागते, आई."

"मग त्याच्याकडे जा. फोनवर काय बोलता! समोर बसून बोला."

इकडे लोकांचं वेगळंच सुरू झालं. कुठूनतरी बातमी फुटली होती, की पैशाच्या हव्यासापोटी नवा भाग दुकानाबाहेर विकायचं ठरलं. लोकांनी टोळला आणि ताईला धारेवर धरलं. हावरट. आधी धुकं विकलं, आता धुकं काढायचे पैसे मागतायत. टोळला आता बारीक अक्षर वाचवत नव्हतं; तो आईला वाचायला सांगायचा. आई वाचताना मधली वाक्यं गाळायची आणि त्याला ते कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात ताई प्रकाशकाच्या कार्यालयात गेली. भेटीची वेळ मिळाली नव्हती, ती नुसतीच जाऊन बसली. स्वागतकक्षात कंपनीच्या खेळांची मोठमोठी पोस्टरं होती, त्यांचं नव्हतं. सकाळी दहा ते चार ती बसून राहिली. चार वाजता होहोबाई आल्या, तिच्याकडे बघून अवघडल्या, आणि तिला कंपनीच्या वकिलांकडे घेऊन गेल्या.

वकील वयस्कर होते, बोलायला मऊ. त्यांनी तिला पाणी दिलं.

"हे बघा, तुमचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "ही लढाई केव्हातरी व्हायचीच होती. दुकानाचा तो नियम टिकतो की नाही हे तपासायला एखादा खेळ पुढे करावा लागतो."

"आमचाच का?"

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. खोटं बोलावं की नाही याचा विचार करत असावेत. "मोठा खेळ उतरवला गेला तर कंपनीला झेपत नाही," ते म्हणाले. "तुमचा चांगला आहे, नावाजलेला आहे, आणि..."

"आणि गेला तर फरक पडत नाही."

होहोबाई खाली बघत होत्या. पहिल्यांदाच त्या हो म्हणाल्या नाहीत.

"किती दिवस चालेल?" ताईने विचारलं.

"दीड वर्ष. दोनही लागतील. घाई कुणालाच नाही."

"माझ्या भावाला आहे."

तिने सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, कपडे सुकत घातलेल्या दोरीचं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून बाहेर पडत गेलं. वकिलांनी चष्मा काढला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, तेवढं दिसत होतं.

"हे तुम्ही लेखी द्याल का?" ते म्हणाले. "लोकमत आपल्या बाजूने वळवायला याचा फार उपयोग होईल."

ताई उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही.

घरी आल्यावर तिने टोळला सांगितलं, बोलणी चालू आहेत. तो खिडकीशी बसला होता. "बरं," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, इकडे ये. समोर उभी राहा." ती राहिली. "काल माझ्या लक्षात आलं. तुझा चेहरा मला एकदम दिसत नाही. आधी नाक दिसतं, मग डोळा. मग नाक कसं होतं ते आठवावं लागतं."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आई मागून आली, नळ बंद केला.

"विकायचं नाही म्हणतात ना?" आई म्हणाली. "मग वाटून टाक."

हे ताईच्या डोक्यात आधीच येऊन गेलं होतं, आणि तिने ते हाकलून लावलं होतं. दुकानाने खेळ विकणं थांबवलं होतं, पण ज्यांनी आधी घेतला होता त्या एकेचाळीस हजार लोकांकडे तो होताच. त्यांच्यासाठी दुरुस्त्या पाठवायचा रस्ता उघडा होता, आणि त्याची किल्ली ताईकडे होती. कुणी कधी ती काढून घेतली नव्हती, कारण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण करारात लिहिलं होतं: अटी मोडल्या तर खेळ, त्याचं नाव, त्यातलं प्रत्येक चित्र कायमचं प्रकाशकाचं.

टोळने ऐकलं आणि साफ नाही म्हणाला.

"तुझी सहा वर्षं आहेत त्यात. माझ्या डोळ्यांसाठी तू ती नदीत टाकणार? मी नाही करू देणार. मला दया नकोय कुणाची."

"दया कसली आलीय!" ताई ओरडली. तिचा आवाज इतका चढला की खालचं इस्त्रीचं यंत्र थांबल्यासारखं वाटलं. "मी काय नुसती टंकलेखिका होते का? तो काठ माझाही आहे. दोन वर्षांनी त्यांनी तो विकला, लाखो लोकांनी घेतला, आणि तुला मी सांगत बसले की बघ, आता ती बाई पायरीवर बसली, आता कुत्रं उठलं... मला नाही जमणार ते. मला नाही सहन होणार. कळलं?"



"कुत्रं उठत नाही," टोळ म्हणाला. "झोपलेलंच काढलंय मी."

पलीकडचं मूळ खेळात मिसळायला तिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी भर दुपारी, आई भाजी निवडत असताना, तिने ते पाठवलं. दुरुस्तीबरोबर टीप द्यावी लागते. तिने लिहिलं: 'किरकोळ दुरुस्त्या. धुक्याचा दोष काढला.'

तासाभराने पहिला व्हिडिओ आला. कुठल्यातरी दूरच्या शहरातली एक मध्यमवयीन बाई खेळत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. सवयीने ती धुक्याकडे वल्हवत गेली, होडी आता फिरणार म्हणून वाट बघत. होडी फिरली नाही. बाईने हात आखडला. धुकं विरलं, पायऱ्या दिसल्या. तोंडावर हात ठेवून ती नुसती बघत राहिली. मग हळूच, कुणी झोपलेलं असावं तशी, होडीतून उतरली.

टोळ स्क्रीनला नाक लावून बसला होता. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. "दोरीजवळ जा," तो त्या बाईला सांगत होता. "अगं, दोरीजवळ." ती गेली. तो लहान मुलासारखा रडला.

चार दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. झोपला असेल थोडाफार. पाचव्या दिवशी नोटीस आली. त्याच दिवशी दुकानानेही त्यांचं खातं कायमचं बंद केलं. चोरून माल आत आणला, असं कारण. महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन कंपन्या या एका बाबतीत दुपारच्या आत एकमताच्या झाल्या होत्या. खेळ प्रकाशकाचा झाला. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे तो राहिला. नव्या माणसाला तो पुन्हा कुठेच मिळाला नाही.

खोल्या सोडल्या. टेबलं लाँड्रीवाल्यांनी घेतली. ताईला एका रुग्णालयाच्या नोंदणीचा प्रोग्रॅम सांभाळायची नोकरी लागली. रोज सकाळी रांगेतल्या लोकांचे क्रमांक नीट लागतात की नाही ते बघायचं. काम वाईट नव्हतं. पण कधीकधी ती संडासात जाऊन दार लावून बसायची आणि दहा मिनिटं नुसती दाराकडे बघायची.

पाच महिन्यांनी दुकान आणि प्रकाशक यांची तडजोड झाली. चार ओळींचं निवेदन, खाली दोघांच्या सह्या. ताईने ते जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून वाचलं. तेवढ्यात टोळचाच फोन आला.

"मिटलं त्यांचं," तिने सांगितलं. "नियम थोडा सैल केलाय. ग्राहकांच्या हितासाठी, म्हणे."

"आपलं काही आहे त्यात?"

"नाही."

"बरं." मागे गाड्यांचे आवाज येत होते. "ताई, मी बाहेर आहे. काठी घेऊन एकट्याने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. आईला सांगितलं नाही. गेलो नीट. पण आता कुठल्या कोपऱ्यावर आहे ते कळत नाहीये. दोनदा रस्ता ओलांडलाय बहुतेक."

"कुणाला विचारलंस?"

"नाही विचारवत." त्याचा आवाज बारीक झाला होता. "येतेस?"

"हलू नकोस," ताई म्हणाली. ती पायऱ्या उतरायलाही लागली होती. "जिथे आहेस तिथेच थांब. आजूबाजूला काय ऐकू येतंय ते सांग. एकेक सांग. मी फोन ठेवत नाहीये."

"कुणीतरी हातोडी मारतंय," टोळ म्हणाला. "पत्र्यावर."

"अजून?"

"एक बाई कुणालातरी रागावतेय. आणि बस थांबली आत्ता, दार उघडलं तिचं."

"अजून सांग," ताई म्हणाली, आणि पर्स न घेताच रस्त्यावर धावत निघाली.