सईच्या खोलीतली मांडणी

उमाकांतरावांनी विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरात गवत उगवलं. खरंखुरं, हिरवंगार. राजा पार्क वस्तीतल्या भाड्याच्या फ्लॅटमधली लेकीची, सईची, खोली त्यांनी एका रविवारी तिला न विचारता रिकामी केली, झोटवाड्याच्या वेल्डरभैयाकडून जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडणी करून आणली, कप्प्याकप्प्यात ट्यूबलाइट लावल्या आणि गव्हाचे ट्रे एकावर एक असे चढवले की तिच्या पलंगाच्या जागेत अख्खं शेत मावलं. जवळच्या बागेत फिरायला येणारी ढेरपोटी माणसं त्या गव्हांकुरांचा रस नाक धरून प्यायची, आणि सई पॅसेजमध्ये गादीवर झोपायची.

"आडवं पसरणं हा अडाणीपणा आहे," बाबा म्हणाले. "वर जागाच जागा असते."

"मग मला पंख्याला टांगा."

बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. टेप घेऊन पॅसेज मोजत राहिले.

सई काय गप्प बसणारी होती? आईच्या भिशीत बायकांच्या चपलांच्या जोड्या फोडणारी, शेजारच्या शर्माजींच्या बेलला च्युइंगगम लावून पळणारी पोरगी ती. दर वेळी घर डोक्यावर घेऊन तिच्या नावानं शंख व्हायचा, आणि तेवढ्यानं तिचं पोट भरायचं. खोली परत हवी होती. ती मिळत नसेल तर निदान कुणीतरी तिच्यावर सणसणीत ओरडायला तरी हवं होतं.

तिनं फवाऱ्याच्या बाटलीत मूठभर मीठ घातलं आणि दिवसभर बोंब होण्याची वाट बघितली. गवत आणखी हिरवं झालं. मग तिनं भरलेला ट्रे फरशीवर उलटा केला आणि शाळेत गेली. परत आली तर ट्रे जागेवर, फरशी पुसलेली, आईबाबा शांतपणे जेवताहेत.

"ट्रे मी पाडला," सई म्हणाली. "मुद्दाम."

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. "कुसुम, भाजी छान झालीय," ते आईला म्हणाले.

त्या दिवसापासून सईच्या डोक्यात राग असा चढला की झोपेतही दात खाल्ले जायचे. तिनं रव्याचा डबा स्वयंपाकघरभर उधळला आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आई सांगलीच्या मावशीशी फोनवर बोलत होती. रव्यात पाय पडू नये म्हणून साडी उचलून तिनं सईला वळसा घातला.

"अगं, सई हल्ली इतकी शहाणी झालीय," आई फोनमध्ये म्हणाली. "आवाज नाही, पसारा नाही. घरात आहे असं वाटतच नाही बघ."

"मी इथं उभी आहे, आई."

"हो ना," आई मावशीला म्हणाली, "गुणाची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठायच्या आधी सईनं एका कप्प्यातले सगळे ट्रे काढून मोरीत ओतले आणि स्वतः त्या कप्प्यात आडवी झाली. वरचा पत्रा नाकाला लागत होता, कानाशी ट्यूबलाइट गुणगुणत होती. बाबा आले की कानात किंचाळायचं, ते ढुंगणावर आपटले पाहिजेत, आणि मग त्यांना तिचं नाव घेऊन ओरडावंच लागेल. त्याशिवाय ती खाली उतरणार नव्हती.

बाबा आले. एका टोकापासून फवारत निघाले. गार तुषार तिच्या पावलांवर पडले, पोटावर पडले, चेहऱ्यावर पडले. सईनं डोळे मिटले नाहीत. किंकाळी घशापर्यंत आली होती, पण रागानं तिनं ती दाबून धरली. आधी बाबांना माझं नाव घेऊ दे. बाबांनी तिचा बाहेर लोंबणारा हात उचलला आणि पुढे आलेला ट्रे आत सरकवावा तसा कप्प्यात नीट सरकवला.

मग ते टाचा उंचावून वरच्या कप्प्यात डोकावले, आणि सई लहान असताना ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "सई, ऊठ बाळा. शाळेला उशीर होईल."

सईनं तोंड उघडलं. तिच्या नाकावरचा पत्रा किंचित खाली वाकला, आणि वरच्या कप्प्यात कूस बदलत तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "पाच मिनिटं, बाबा."