इनॉक पर्नेलची डुलकी

आमच्या हॅलोकॉममध्ये माणसाची पारख त्याने नांगरलेल्या तासावरून, म्हणजे फाळाने पाडलेल्या सरीवरून व्हायची. रविवारी चर्च सुटलं की बाप्ये टेकडीच्या रस्त्यावर उभे राहायचे आणि खालच्या शेतांत कुणाचं तास कुठे वाकलंय ते शोधायचे. प्रवचन कुणाच्या ध्यानात नसायचं, पण अमक्याचं तास ओकच्या झाडापाशी हातभर सरकलंय, हे आठवडाभर चघळलं जायचं. आता त्या रस्त्यावर थांबतंय कोण? सगळे गाडीतून भुर्रकन जातात. ते रविवार आठवले की माझा जीव अजून कासावीस होतो, जरी त्यातले निम्मे माझ्या बापाची टिंगल ऐकण्यात गेले असले तरी.

माझे वडील इनॉक पर्नेल बत्तीस वर्षं हॅस्केलमालकांकडे नांगरायला होते. आधी घोड्यांनी, मग ट्रॅक्टरने. चेसल नावाचं मोठं शेत त्यांच्याचकडे असायचं. त्या शेताच्या मधोमध, एका खोलीएवढ्या जागेत, ते दरवर्षी नांगर वर उचलायचे आणि पुढे गेल्यावर पुन्हा खाली सोडायचे. सगळं शेत तांबडं, आणि मध्ये तेवढं एक काटेरी गवताचं हिरवं ठिगळ. गावाने त्याला 'इनॉकची डुलकी' असं नाव ठेवलं होतं. तिथे आलं की इनॉकचा ट्रॅक्टरवर डोळा लागतो, असं म्हणे. हे बारसं केलं लोहाराच्या सिरिल डॅगेटने. तेव्हा तो विशी-पंचविशीतला होता आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

"काय इनॉककाका, आज उशी नेली होती का बरोबर?" पबमध्ये तो सगळ्यांदेखत विचारायचा.

"उशी कशाला रे? तुझ्या गप्पा आठवल्या तरी पुरतं," बाबा म्हणायचे, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसायचे.

मालकांनी विचारलं तर सांगायचे, "खाली खडक आहे साहेब, फाळ मोडेल." मालकांनी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

मला बाबांची लाज वाटायची, हे आज स्पष्टच सांगते. शाळेत मुली माझ्या पाठीमागे घोरल्याचा आवाज काढायच्या. बाबांच्या अंगाला रॉकेलचा आणि ओल्या मातीचा वास यायचा, खिशात थंड चहाची बाटली असायची. तो वास आज कुणी कुपीत भरून दिला तर काय वाट्टेल ते देईन. तेव्हा मात्र मी रस्त्यात त्यांच्यापासून चार पावलं लांब चालायचे.

अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात बाबा तापाने फणफणले. चेसल नांगरायचं राहिलं होतं आणि मालकांचा निरोपावर निरोप येत होता. मी सतरा वर्षांची होते, गवताच्या गाड्या ओढून ओढून ट्रॅक्टरवर हात बसलेला. आई मालकांच्या घरी फरशा पुसायला गेली होती. मी कुणाला न विचारता ट्रॅक्टर काढला आणि चेसलमध्ये पहिलं तास धरलं. पलीकडच्या कुंपणातल्या हॉथॉर्नच्या झाडावर नजर लावली आणि ती हलू दिली नाही. डुलकीपाशी आले तेव्हा हात नांगराच्या दांडीवर गेलाही होता. पण मनात म्हटलं, पर्नेलांच्या घरातलं एक तरी तास गाव सरळ बघू दे. दोन फाळांचा तो नांगर मी उचलला नाही.

खालून कचकच आवाज आला, ट्रॅक्टर दोनदा गचकला, पण थांबला नाही. टोकाला पोचून वळून बघितलं, तर तास दोरी लावल्यासारखं सरळ. इतका आनंद मला त्यानंतर आयुष्यात फार थोड्या वेळा झाला.

तेवढ्यात बाबा येताना दिसले. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेला, पायात बूट, नाड्या सुटलेल्या. ते सरळ डुलकीपाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. मी धावत गेले. मातीवर चौकोनी दगडी तुकडे पडले होते, फाशांएवढे. लाल, पांढरे, राखाडी. बाबा एकेक तुकडा उचलून तासात परत दाबत होते.

"काय आहे हे, बाबा?"

"फरशी आहे. कुणाची तरी, फार जुनी. खाली अख्खी पसरलीय." त्यांनी कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "तुझी आई रोज गुडघ्यांवर बसून पुसते ना, तशी हीसुद्धा कुणीतरी पुसलेली असणार गं. तिच्यावरून फाळ नाही घालवत माझ्याच्याने."

"मग सांगत का नाही लोकांना? झोपाळू म्हणतात तुम्हाला!"

"म्हणू देत. कळलं तर अर्धं गाव फावडी घेऊन येईल. तूही बोलू नकोस." ते उठले, डोळ्यांवर हात धरून माझ्या तासाकडे बघितलं. "तास मात्र सरळ आलंय हां, पोरी. माझ्याहून सरळ."

मग अंगात ताप असताना त्यांनीच ट्रॅक्टरवर चढून उरलेलं शेत नांगरलं आणि दर फेरीला डुलकीपाशी नांगर उचलला. मी बांधावर बसून रडले.

रविवारी टेकडीवर बाप्ये जमले. हिरव्या ठिगळातून आरपार गेलेलं एकच सरळ तास त्यांना दिसलं. "पोरीचं तास बघा आणि बापाचं बघा," सिरिल म्हणाला. "हिने सुरुवात करून दिली, म्हाताऱ्याचा लगेच डोळा लागला!" सगळे हसले. माझ्या पाठीवर थाप पडली. मी गप्प राहिले. बाबांना शब्द दिला होता हे खरं, पण ती थाप मला आवडली होती, हेही तितकंच खरं. बाबांनी नांगर सोडल्यावर चेसलमध्ये मेंढरांसाठी गवत लावलं, पुन्हा तिथे नांगर लागलाच नाही. बाबा एकोणऐंशी साली गेले. त्यानंतर तोंड उघडायला मला काहीच आडकाठी नव्हती. तरी उघडलं नाही.

गेल्या वर्षी पाण्याची पाइपलाइन टाकताना चेसलमध्ये ती फरशी लागली. उत्खनन करणारी मंडळी आली, तीन महिने खपली, आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी त्यांनी गावाला बघायला बोलावलं. तंबूत चहा आणि केक होता. मी काठी टेकत गेले. सिरिल आधीच खुर्ची पटकावून बसला होता, वय सत्त्याऐंशी, तोंड अजून तसंच.

मी वाकून फरशी बघितली. कडेने वेलबुट्टी, मधोमध रंगीत तुकड्यांनी जुळवलेला धावणारा ससा. आणि सशाच्या कानापासून शेपटीपर्यंत दोन फाळांचे दोन सरळ चरे.

इमोजेन नावाची त्यांची प्रमुख, तिशीतली मुलगी, समजावत होती. "गंमत बघा, शेतभर नांगराचे ओरखडे आहेत, पण फरशीच्या कडेला येऊन सगळे थांबतात. कुणीतरी वर्षानुवर्षं इथे मुद्दाम नांगर उचलत होतं. नाहीतर यातलं काहीच उरलं नसतं. फक्त एकदा त्याचं लक्ष चुकलं असावं."

मग सिरिल म्हणाला, "म्हणजे इनॉक एकच दिवस जागा राहिला, आणि नेमकी त्याच दिवशी वाट लावली!"

तंबू हसण्याने दणाणला. ज्यांनी बाबांना कधी पाहिलंही नाही, तीही पोरं हसली. माझं डोकं फिरलं.

"ते तास माझं आहे," मी म्हटलं. आवाज चांगलाच चढला होता. "बाबांचं नाही. माझं."

"अगं विनी, बस. बापाचं कशाला अंगावर घेतेस?"

"तूच माझ्या पाठीवर थाप मारली होतीस, सिरिल डॅगेट! त्याच तासासाठी!"

मग मी सगळं सांगितलं. हॉथॉर्नचं झाड, कचकच आवाज, सुटलेल्या नाड्या, बाहीने पुसलेलं नाक. सिरिलच्या हातातला केक बशीत पडला, तो त्याने उचलला नाही. "त्याने मला एकदा तरी सांगायचं होतं," तो पुटपुटला. "मी तर त्याला जन्मभर..."

इमोजेन माझ्याजवळ आली. "मिस पर्नेल, तुमची हरकत नसेल तर हे नोंदीत घालायला हवं." तिच्या हातातल्या फळीवर चिमट्यात छापील कागद होता. नुकसान कशाने झालं, कोणत्या साली, कुणाकडून, असे रकाने. तिने लिहिलं: नांगर, १९५८, विनिफ्रेड पर्नेल. मी वाचून बघितलं आणि मान डोलावली.

"आता राखलं कुणी, ते लिही," मी म्हटलं.

तिने कागद उलटापालटा केला. "त्याला रकानाच नाहीये हो."

"मग कडेला लिही."

ती समासात लिहायला लागली. मी तिला बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, बत्तीस वर्षं सांगितली, आणि तिचं लिहून होईपर्यंत तिथून हलले नाही.