ओकसुनचे पाय

प्यो मानसोक माणसाला चेहऱ्याआधी पायांवरून ओळखायचा. दुकानात कुणी शिरलं की त्याची नजर थेट खाली जायची. टाच आत कलते का, बुटाची कुठली कड झिजलीय, अंगठा शेजारच्या बोटावर चढतोय का, हे तो आधी बघायचा. दक्षिण कोरियातल्या तेजॉन शहरात हाडांच्या डॉक्टरांची जी गल्ली आहे, तिथे तीस वर्षं तो बुटांत घालायचे सोल बनवत होता. प्लास्टरमध्ये पायाचा साचा घ्यायचा, त्यावर बूच आणि चामडं बसवायचं आणि कमान मनासारखी उतरेपर्यंत कानशीने घासत राहायचं. गल्लीतले डॉक्टर चिठ्ठीवर त्याचंच नाव लिहून द्यायचे.

या धंद्यात तो पडला तो मोठ्या बहिणीमुळे. ओकसुनची शेवयांची खाणावळ होती. पहाटेपासून रबरी बूट चढवून ओल्या सिमेंटवर उभं राहायचं, पिठाचे गोळे लाटायचे, सुरीने शेवया कापायच्या, उकळत्या रश्शात सोडायच्या. तिचे तळवे जन्माचे सपाट. संध्याकाळी खाणावळ बंद झाली की टाचा इतक्या ठणकायच्या की ती गुडघ्यांवर रांगत न्हाणीपर्यंत जायची. ते मानसोकने डोळ्यांनी पाहिलं होतं. हाताला थोडं वळण आल्यावर त्याने पहिला जोड केला तो तिचाच. त्या सोलांनी ती उभी राहिली. पुढची अठ्ठावीस वर्षं दर वर्षी नवा जोड, आणि त्याला इतर कुणाला हात लावू द्यायचा नाही.

सहासष्टाव्या वर्षी ओकसुनने खाणावळ सुनेच्या हाती दिली. त्यानंतरच्या मार्चमध्ये एका दुपारी ती दुकानात आली आणि सोलांचा जोड टेबलावर ठेवून म्हणाली, "हे ठेव तुझ्यापाशी. मी टेकडीवर अनवाणी चालायला लागलेय."

"कुठल्या टेकडीवर?"

"आमच्या घरामागच्या. लाल मातीची वाट केलीय ना नवी."

मानसोकने कानस खाली ठेवली. "ताई, अर्धं गाव त्या चिखलात नाचतंय म्हणून तूही नाचणार? तुझे तळवे कसे आहेत ते मला विचार!"

"तुला काय विचारायचं? अठ्ठावीस वर्षं तू त्यांना उचलून धरलंस. आता जरा त्यांना विचारते, तुमचं तुम्हाला काही जमतं का."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येईन तुझ्याकडे लंगडत. तू हसून घे."

तो हसला नाही. त्याला राग आला, आणि रागाखाली काहीतरी दुखलंही. सगळा उन्हाळा त्याने तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही. ती त्याचीच बहीण होती.

ऑक्टोबरात एक जुनं गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, दुकानात आल्या. त्यांची टाच पुन्हा सुजली होती. "सोल काढून टाकले मी," त्या म्हणाल्या. "टेकडीवर तुमच्या ताईंनीच सांगितलं ना!"

मानसोकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दुकानाला कुलूप ठोकलं आणि तडक टेकडी गाठली.

चढावर चेस्टनटची झाडं होती आणि वाटेभर काटेरी बोंडं पडली होती. ओकसुन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात दाताळं घेऊन ती बोंडं बाजूला ओढत होती. माती वाळली तिथे झारीने पाणी घालत होती. मागून पाच-सहा बायका येत होत्या.

"अगंबाई, बूट घालून आलेत हे!" त्यातली एक ओरडली. "कुणाच्या लग्नाला निघालात?"

"माझा भाऊ आहे तो," ओकसुन म्हणाली. "त्याचे बूट काढायला डॉक्टरची चिठ्ठी लागते."

बायका खो खो हसल्या. मानसोकच्या तोंडात शब्द तयार होते, पण ओकसुन चढावर चालू लागली आणि त्याची नजर सवयीने तिच्या पावलांवर गेली. निसरड्या मातीत तिची पाचही बोटं पसरत होती, माती पकडत होती, सोडत होती. टाच आत कलत नव्हती. हातात भरलेली झारी, तरी पाऊल एकदाही डगमगलं नाही. तीस वर्षांत त्याने हजारो पावलं पाहिली होती. सहासष्ट वर्षांच्या माणसाचं असं पाऊल क्वचितच पाहिलं होतं.

तेवढ्यात वरून म्योंग नावाचे निवृत्त बसचालक उतरत आले. आठवड्याभरापासूनच ते टेकडीवर येत होते. "सहा फेऱ्या झाल्या!" ते लांबूनच म्हणाले. ओकसुनची नजर मात्र त्यांच्या मागच्या ओल्या ठशांवर होती. लाल मातीतही वेगळं दिसावं असं काही एका ठशात होतं.

"म्योंगभाऊ, बसा खाली."

"का हो?"

"बसा म्हणते ना."

तिने त्यांचा पाय मांडीवर घेऊन झारीच्या पाण्याने धुतला. बोंडाचे चार काटे तळव्यात मोडून रुतले होते, रक्त येत होतं. म्योंगना पत्ता नव्हता.

"साखरेचा आजार कधीपासून आहे?"

"पंधरा वर्षं... पण दुखत तर नाही काही!"

"तेच तर वाईट. उद्यापासून इथे अनवाणी यायचं नाही."

म्योंगचा चेहरा पडला. "तुम्ही तर सगळ्यांना चालायला सांगता!"

"ज्यांना टोचलेलं कळतं त्यांना सांगते. माती म्हणजे औषध नव्हे, भाऊ. तुमच्या पायाला राखण हवी. आता आधी डॉक्टरकडे जा, आणि जखम भरली की या माणसाकडे. अख्ख्या तेजॉनमध्ये याच्यासारखे सोल कुणी करत नाही." तिने मानसोककडे बोट दाखवलं.

सात महिन्यांच्या रागाचं काय करायचं, ते मानसोकला कळेना. त्याने म्योंगना हात देऊन उठवलं. उतरताना त्याने हळूच विचारलं, "शाळेतल्या बाईंना तू सोल टाकायला सांगितलंस?"

"घरात दहा मिनिटं सोल काढून चाला म्हटलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी चार फेऱ्या मारल्या. मी महिनाभर दहा मिनिटांवर थांबले होते. पोटऱ्या अशा भरून यायच्या! रोज पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा, पसरायचा, पुन्हा गोळा करायचा. शेवया लाटण्यासारखंच आहे. घाई केली की तुटतात."

डॉक्टरांनी काटे काढले. जखम भरल्यावर मानसोकने म्योंगसाठी मऊ अस्तराचा, कुठेही शिवण न टोचणारा जोड केला आणि रोज रात्री आरशात तळवे बघायला बजावलं. त्यानंतर त्याने ओकसुनला दुकानात बोलावून तळवे तपासायच्या काचेच्या पेटीवर उभं केलं. खालून दिवा लागला. तळवे होते तसेच सपाट. कमान तसूभरही उठली नव्हती.

"बघ, म्हणजे मी हरले," ओकसुन म्हणाली.

"एका पायावर उभी राहा."

ती राहिली. बोटं काचेवर घट्ट रोवली गेली. मानसोकने मिनिट मोजलं, मग दुसरं. डावा पाय, मग उजवा. तीस वर्षं तो पायाचा आकार मोजत आला होता. पायातलं बळ मोजायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "तू हे कुणाच्या मदतीशिवाय केलंस."

"कुणाच्या मदतीशिवाय कशी? अठ्ठावीस वर्षं तुझ्या सोलांवर उभी राहिले म्हणून हे पाय शिल्लक राहिले. नाहीतर चालायला काय उरलं असतं?"

त्याने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

त्या हिवाळ्यापासून मानसोक सोलांबरोबर बोटांचे व्यायामही शिकवू लागला. काही गिऱ्हाइकांना तो सोल हळूहळू पातळ करून द्यायचा, काहींना स्पष्ट सांगायचा की जन्मभर हेच वापरा. कुणाला काय, हे ठरवताना अडलं की ओकसुनला फोन जायचा.

वसंतात वाट पुन्हा ओली झाली तेव्हा एका रविवारी त्याने बूट काढले. पाय नुकत्याच कापलेल्या तोफूसारखे पांढरे.

"अरे देवा, झाका ते!" बायका ओरडल्या.

"दहा मिनिटं," ओकसुनने बजावलं. "एकही जास्त नाही."

गार माती बोटांतून वर आली तसा तो दचकला, हसला, आणि तिच्या मागून जपून पावलं टाकू लागला. पहिल्या बाकापर्यंत पोचेतो त्याला धाप लागली. ओकसुन तोवर वळणाच्या पुढे गेली होती. तिचा आवाज तेवढा खाली येत होता. नव्याने आलेल्या कुणाला तरी ती विचारत होती, "साखर नाही ना? टोचलेलं कळतं ना?"