रविवार झाला की जाऊ

घरातलं दुखणं गल्लीला कळू नये म्हणून आपण जेवढं राबतो, तेवढं ते बरं व्हावं म्हणून राबत असू का, याची मला शंकाच आहे. रहिमतपूरच्या चारुलताबाईंनी तर चार महिन्यांच्या नातीचं ऑपरेशन असं झाकलं, की शेजारच्या घरालाही पत्ता लागला नाही.

नातीचं नाव मधू. तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. दूध पिताना ती दमायची, डोकं घामानं भिजायचं, वजन काही केल्या वाढेना. सून अश्लेषाचं माहेर सांगलीचं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि चारुलताबाईंनी गल्लीत सांगून टाकलं, "सून माहेरी गेलीय, महिनाभर राहील." लेकुरवाळी बाई माहेरी जाते, यात विचारण्यासारखं काय? कुणी विचारलंही नाही.

चारुलताबाई वाईट होत्या असं समजू नका. ऑपरेशनच्या दिवशी त्या पाच तास घोटभर चहासुद्धा न घेता ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. पण धाकटी लेक स्वानंदी लग्नाची होती. घराण्यात हृदयाचं दुखणं आहे असं कळलं तर सोयरीक कोण करील, ही एकच भीती त्यांना खात होती. मुलगा सुमंत शाळेत क्लार्क होता, शांत स्वभावाचा. आईपुढे त्याचा आवाज कधी चढला नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना फिरदोस सिस्टरांनी अश्लेषाला समोर बसवून सांगितलं, "काखेत हात घालून उचलायचं नाही, खालून दोन्ही हातांवर घ्यायचं. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, तपासणीला आणायचंच. दूध सोडलं, उलटी झाली, धाप लागली तर वाट बघायची नाही. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी छाती दाखवायची आणि ही फाईल पुढ्यात ठेवायची." अश्लेषानं ते दोनदा म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर मधू खरंच बदलली. न थांबता पोटभर दूध पिऊ लागली. एका सकाळी सुमंत दाढी करत असताना त्याचं फेसाळलेलं तोंड बघून ती खदखदून हसली, तेव्हा तो तसाच तिच्यापाशी येऊन बसला आणि रडला. फाईल मात्र लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली गेली आणि मधूच्या अंगात गळाबंद झबली आली.

गावच्या आशा सेविका राहीबाई बाळाचं वजन करायला आल्या, तेव्हा झबलं काढताना त्यांना छातीवरची लाल रेघ दिसली.

"काकी, ह्ये कवा झालं? आमाला न्हाई सांगितलं?"

"हळू बोल. स्वानंदीला खंडाळ्याचं स्थळ आलंय. येत्या रविवारी बघायला येणार आहेत."

"मग पोरीनं काय चोरी केलीया व्हय? आवं, मरणाच्या दारातनं परत आलीया ती. लोकांना कळलं तर जपून घेतील तिला. न्हाई कळलं तर कुनीबी कसंबी उचलंल, कुनीबी तोंडावर खोकंल. आन् तुमी डॉक्टरलाबी असंच झाकून दावलं, तर त्यो बिचारा उपचार कशावर करनार?"

"तुझी लेक उजवायची असती म्हणजे कळलं असतं तुला."

"दोन हायत उजवायच्या. तरीबी सांगतीया," राहीबाई म्हणाल्या आणि वजनाचा काटा उचलून निघाल्या. अश्लेषा दारापर्यंत त्यांच्या मागोमाग गेली आणि तिथूनच परत फिरली.

शुक्रवार आला. सुमंतनं रजा टाकली होती. पण घरात पडदे धुवायचे होते, फराळाचं करायचं होतं, आणि ऐन वेळी सून पुन्हा सांगलीला गेली तर स्थळ आणणारे नानासो नक्की चौकशी करणार. चारुलताबाई म्हणाल्या, "रविवार झाला की जाऊ. दोन दिवसांनी काय होतंय? पोर तर हसतीय." सुमंतला नाही म्हणता आलं असतं. तो नाही म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी मधूनं दूध सोडलं. दोनदा ओकली. सारखी किरकिर, मांडीवर घेतली तरी थांबेना. "सांगलीला नेऊया," अश्लेषानं विनवलं. चारुलताबाई मायलेकींना पेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे बाकावर नेमके नानासो बसलेले. आतबाहेर नुसता पडदा, बोललेलं सगळं बाहेर ऐकू यायचं. डॉक्टरांनी झबलं वर करायला हात नेला, तशा चारुलताबाई म्हणाल्या, "सर्दी झालीय, वारं लागेल. वरूनच तपासा."

"आधीचं काही दुखणं?"

"नाही, काही नाही."

अश्लेषानं तोंड उघडलं होतं. सासूबाईंचा हात तिच्या मनगटावर घट्ट बसला आणि ती गप्प राहिली. डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं, फरक नाही पडला तर संध्याकाळी आणा म्हणाले. त्यांनी विचारलं होतं, मंडळी, हे ध्यानात ठेवा. नाही म्हणून सांगणारे आपण होतो.

औषधानं उलट्या थांबल्या. संध्याकाळी पोर निपचित पडून होती, तर घरात म्हणाले, आराम पडलाय.

रविवारी दुपारी खंडाळ्याची मंडळी आली. मुलगा धवल, त्याचे आईवडील, सोबत नानासो. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "बाळ कुठं दिसत नाही?"

"झोपलंय," चारुलताबाई म्हणाल्या.

मधू झोपली नव्हती. मागच्या खोलीत अश्लेषाच्या मांडीवर तिचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता. ओठ काळसर पडले होते. बाहेर पत्रिकेचं बोलणं चाललं होतं. अश्लेषानं झबल्याचे बंद सोडले, मधूला दोन्ही हातांवर घेतलं आणि ती सरळ पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. तिला श्वास घेता येत नाहीय. मला आत्ताच्या आत्ता सांगलीला जायचंय!"

सगळ्यात आधी उठला तो धवल. "गाडी काढतो," एवढंच तो म्हणाला. स्वानंदी साडी सावरत कपाटाकडे धावली आणि फाईल घेऊन आली.

सुमंत आणि चारुलताबाईही गाडीत बसले. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. आष्ट्याच्या अलीकडे मधूची धडपड थांबली. अश्लेषा तिच्या तोंडावर तोंड ठेवून श्वास फुंकत राहिली. दवाखान्याच्या दारात फिरदोस सिस्टरांनी पोर हातात घेतली आणि पळतच आत गेल्या. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले.

"हृदयाभोवती पाणी साचलं होतं. अशा ऑपरेशननंतर कधी कधी साचतं, म्हणून तर आम्ही तपासणीला बोलावतो. शुक्रवारी दिसलं असतं. काढता आलं असतं." त्यांनी ते फार हळू आवाजात सांगितलं. चारुलताबाईंना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. एकीनं सासूबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "न्यूमोनिया झालता म्हणं?" चारुलताबाईंनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"न्यूमोनिया नाही," त्या म्हणाल्या. "हृदयाला भोक होतं, ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बरी करून दिली होती गं ती. मी लपवली. डॉक्टरनं विचारलं तरी लपवलं. माझ्यामुळं गेली."

अश्लेषा भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. माफीबिफी काही झालं नाही त्या घरात, अजूनही नाही.

खंडाळ्याहून महिन्याभरानं निरोप आला, मुलगी पसंत आहे. आधीच सगळं सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते की नाही, कोण जाणे. नसते म्हणाले तर दुसरं स्थळ आलं असतं. दुसरी मधू कुठून येणार होती?

पण त्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांत समोरच्या घरातली सून होती. दुसऱ्या दिवशी ती सहा महिन्यांचं पोर घेऊन मागच्या दारानं आली. "काकी, आमच्या बाळालाबी भोकच सांगितलंय. मामंजी म्हनले, कुनापाशी बोलायचं न्हाई. दोन म्हयनं झालं, आमी गेलोच न्हाई."

चारुलताबाईंनी तिथल्या तिथे राहीबाईंना बोलावलं. त्या सुनेच्या सासऱ्यांशी स्वतः जाऊन बोलल्या, आणि ज्या बाकावर पाच तास बसल्या होत्या त्याच बाकावर दुसऱ्याच्या लेकरासाठी पुन्हा जाऊन बसल्या. ते पोर आता रांगतंय. त्याला बघितलं की चारुलताबाई आत निघून जातात.

तुम्हाआम्हांला एवढंच सांगायचं आहे. आजार हा कुणाच्या घराण्याचा डाग नसतो, आणि तो लपवून अब्रू राहत नाही. सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, निदान डॉक्टरला तरी खरं सांगा. मधूला वाचवणारे हात होते, विद्या होती, दवाखाना होता. तिला तिथवर नेऊन पोचवायचं, एवढंच आपलं काम होतं.