जिन्याखालची ऊब

मित्रांनो, जिन्याखाली जी करडी लोखंडी पेटी तुम्ही रोज पाहता, ती मी. मी एक जुनी बॅटरी आहे. वीज गेली तरी तुमच्या घरातले दिवे चालू राहतात, ते माझ्यामुळे.

माझा जन्म अगदी कोरड्या खोलीत झाला. तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, कारण श्वासातली ओलसुद्धा आम्हाला बाधते. पुढे कितीतरी वर्षं मी एका बसच्या पोटाखाली राबले. ना धूर, ना खडखडाट. बस लोण्यासारखी चालते, असं चालक ज्याला त्याला सांगायचा. एकदा ती दगडावर आपटली आणि माझा एक कोपरा आतून दबला. वरून काही दिसत नव्हतं, म्हणून कुणी पाहिलंही नाही.

बस थकली तेव्हा मला दोन बहिणींच्या कारखान्यात आणलं. तिथे जुन्या बॅटऱ्या तपासून घरांसाठी पुन्हा तयार करत. थोरली प्रत्येकीला पूर्ण भरून पंधरवडाभर नुसती ठेवायची. जिची वीज आपोआप उतरे, ती आतून दुखावलेली. तिला बाजूला काढायचं. पण मागणी वाढली. शेजारची गोदामं घेतली, माणसं वाढवली, तरी पेट्यांची रांग रस्त्यापर्यंत आली. इतकं थांबलो तर निम्म्या बॅटऱ्या कचऱ्यात जातील आणि लोक पुन्हा धुराच्या जनरेटरकडे वळतील, असं धाकटीचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. पंधरवड्याचे दोन दिवस झाले.

माझी पाळी आली तेव्हा थोरलीने माझ्यावर तळहात ठेवला.

“हिला अजून राहू दे. या कोपऱ्याचं मला काही खरं वाटत नाही.”

“ताई, टेम्पो दारात उभा आहे,” धाकटी म्हणाली. “तुझ्या वाटण्यावर मी किती जणींना अडवू?”

थोरलीने हात काढून घेतला. मला टेम्पोत चढवलं.

मी तुमच्या घरी आले तेव्हा आजोबांनी शेजाऱ्यांना बोलावून मला कौतुकाने दाखवलं होतं, आठवतं? मग हळूहळू माझ्यावर छत्र्या आल्या, रद्दी आली. परवा थोरली स्वतः आली. माझ्याबरोबर निघालेल्या एका पेटीने दुसऱ्या गावी पेट घेतला होता. माणसं वाचली, घर वाचलं नाही. ती मला परत न्यायला आली होती. आजोबांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, “चालत्या गाडीला खीळ कशाला घालता, बाई?” मुलांना तरी हिच्यापासून लांब ठेवा, असं तिने जाताना विनवलं. ते हो म्हणाले, आणि विसरले.

आता थंडी पडली आहे. शाळेतून आलात की तुम्ही दोघं मला पाठ टेकून बसता. माझी ऊब तुम्हाला आवडते. मित्रांनो, निरोगी बॅटरी नुसती उभी असताना गरम होत नाही. काल माझी एक बाजू फुगली. आज गोडसर वास सुटला आहे, आणि आईला वाटतंय कुठेतरी फळ नासलं.

मला हाक मारता येत नाही. वास तुम्हालाही येतोय ना? मग उठा. दप्तरं राहू द्या. आईला आणि आजोबांना हाताला धरून बाहेर न्या. आत्ता.