दुकानातल्या मालाचे शेअर

"अप्पा, ही शेअरची यादी हाय का आपल्या दुकानातल्या मालाची?" रुद्राणीने वडिलांचा मोबाइल गल्ल्यावर ठेवत विचारलं.

कल्याणरावांना हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांचं शेतीच्या सामानाचं दुकान. बारा वर्षांपूर्वी डीमॅट खातं उघडलं तेव्हापासून त्यांचा एकच नेम होता: ज्या कंपनीचा माल आपण विकतो, तिचेच शेअर घ्यायचे. पंप, पाइप, बियाणं, खत. टीव्हीवरच्या शहाण्यांना काय कळतंय, मालाची तक्रार पहिली येते ती माझ्या दारात, असं ते बायकोला, नीलम्माला, ऐकवत. आणि खरं सांगायचं तर या पारखीने त्यांना चार पैसे मिळवूनही दिले होते.

रुद्राणी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवायची. सुट्टीला आली की दुकानात येऊन बसायची. तिने बापाच्या पारखीला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, की ज्या साली पाऊस दडी मारतो त्या साली दुकान कसं चालतं? आणि शेअर? मागच्या कोरड्या सालात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं आणि शेअरही आपटले होते, हे कल्याणराव विसरले नव्हते. सगळं इंडेक्स फंडात टाका, असं तिचं म्हणणं. त्यात औषधं, बँका, मोटारी अशा देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या एकदम येतात. एखादी बसली तरी बाकीच्या सांभाळून घेतात.

दोन दिवस ते घुश्श्यात होते. भाकरी वाढताना नीलम्माच म्हणाली, "दुकानबी तेच, शेअरबी तेच. मंग येगळं काय घेतलं तुमी?"

हे मात्र लागलं. तिसऱ्या दिवशी तोडगा त्यांनीच काढला: तीन हिस्से फंडात, चौथा आपल्या पारखीवर. त्या चौथ्यात पाइपवाली कंपनी राहणार. तिच्यावर त्यांचा भारी जीव.

"सगळंच फंडात घातलं तर रोज मी बघू काय?" ते म्हणाले. रुद्राणीलाही ते पटलं.

तेवढ्यात बंकट नावाचा शेतकरी आला. विहिरीचं पाणी खालच्या रानात न्यायचं होतं, पाइप पाहिजे होता. कल्याणरावांचा हात सवयीने त्या कंपनीच्या बंडलाकडे गेला आणि तिथेच थबकला. बंकटचं रान उताराचं, पाइपावर फारसा जोर येणार नव्हता. त्याला शेजारच्या बंडलातला स्वस्त पाइप सहज चालला असता. असा आणखी किती जणांना चालला असता? माल चांगलाच होता, कुणाला फसवलं नव्हतं. पण या कंपनीचे शेअर आपल्याकडे, म्हणून दुसरं बंडल आपण कधी दाखवलंच नाही, हे त्यांना आज कळलं आणि मनातून लाज वाटली.

"रुद्राणी, चौथा हिस्सा ठिव," ते म्हणाले, "पन कंपनी दुसरी बघू. जिचा माल माज्या दुकानात न्हाई अशी."

हे बोलून त्यांना हलकं वाटलं. मग दोन्ही बंडलं त्यांनी बंकटच्या पुढ्यात ओढली, दोन्हीचे भाव सांगितले आणि तो निवडेपर्यंत स्टुलावर बसून राहिले.