नव्या पंपामागची गळती

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे, मित्रांनो. काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत, निर्मलाबाईंच्या घरासमोर मी उभी असते. माझ्या मागच्या दाराला एक लोखंडी रॅम्प आहे. तो कारखान्यातून आलेला नाही. त्याची हकीकत वेगळी आहे.

पूर्वी मी नामपल्लीच्या एका बेकरीचे पाव पोहोचवायचे. मग गणेशरावांनी मला विकत घेतलं. त्यांची मुलगी सुजाता लहानपणच्या एका आजारानंतर चाकांच्या खुर्चीत बसू लागली होती. तिला खुर्चीसकट शाळेत नेता यावं म्हणून त्यांनी माझ्या आतल्या पावाच्या फळ्या काढल्या आणि वेल्डरकडून रॅम्प बसवून घेतला. शाळा, कॉलेज, विद्यापीठ, सगळीकडे सुजाता माझ्यातूनच गेली. सिग्नलला लोक कौतुकाने माझ्याकडे बघायचे. मला फार बरं वाटायचं.

गणेशराव वारले. तेव्हा त्यांच्या बायकोने, निर्मलाबाईंनी, पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली. पण सुजाताचं शिक्षण संपलं आणि नोकरी काही मिळेना. मी भिंतीला लागून उभी राहिले. रेडिएटरमध्ये गंज रोखणारं कूलंट घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कधीतरी नळाचं पाणी ओतलं जायचं. त्या पाण्याने मला आतून गंज चढत गेला. बाहेरून मी चांगलीच दिसत होते.

यंदा सुजाताला जामबागच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. मी पुन्हा रस्त्यावर आले, आणि थोड्याच दिवसांत माझा वॉटर पंप घरघरू लागला. इंजिनभर पाणी फिरवून त्याला थंड ठेवतो तो हा पंप. गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवणाऱ्या जब्बारभाईंनी तो बदलून नवा बसवला. सगळ्यांना वाटलं, झालं काम.

पण त्याच आठवड्यात कोठी बाजाराच्या गर्दीत माझा तापमानाचा काटा लाल रेषेवर चढला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. निर्मलाबाईंनी मला कडेला घेतलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"आई, झाकणाला हात लावू नकोस," सुजाता आतून म्हणाली. "आत उकळतंय. गार होऊ दे."

कॉलेजची वेळ झाली होती. शेवटी अनोळखी माणसांनी तिला उचलून रिक्षात बसवलं आणि खुर्ची मागे बांधली. तिने सगळ्यांचे आभार मानले, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते मला दिसलं आणि माझीच मला लाज वाटली.

जब्बारभाईंनी पाण्याचा रबरी होस बदलला, क्लिपा आवळल्या. तरी दुसऱ्या दिवशी माझ्याखाली पाण्याचं थारोळं होतंच. "पंप नवा है अम्मा, उसमें खराबी नक्को ढूंडो," ते म्हणाले, पण त्यांनाही कोडं पडलं होतं.

निर्मलाबाईंचे भाऊ किशोरमामा घरी आले. "ताई, किती दिवस या डब्याच्या मागे लागणार? विकून टाक. सुजाता, तू घरून शिकव की, कॉम्प्युटरवरून."

"मामा, प्रयोगशाळा काय स्वयंपाकघरात मांडू?" सुजाता म्हणाली. "मला वर्गात जायचंय. आणि कुणी उचलून नेलेलं मला नको आहे."

रविवारी सकाळी, मी गार असताना, मायलेकींनी माझं इंजिन धुतलं आणि जुन्या पातळाने कोरडं पुसलं. मग सुजाताने अंगाला लावायची पावडर मागवली आणि पंपाभोवती भुरभुरली. "पाणी कुठूनही येऊ दे," ती म्हणाली, "पावडर भिजेल ना." निर्मलाबाईंनी मला चालू केलं. मी तापू लागले. खुर्चीत बसलेल्या सुजाताचे डोळे नेमके पंपाच्या पातळीवर होते. बऱ्याच वेळाने पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटली. ती होसपासून निघाली नव्हती, पंपाच्या कडेपासूनही नाही. तळाच्या एका बोल्टच्या डोक्याखालून ती येत होती.

हाक मारल्यावर आलेल्या जब्बारभाईंनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हौ मेडम. इस बोल्ट का छेद अंदर पानी तक जाता. आट्यांको पानी रोकने का पेस्ट लगाना था. मैं भूल गया."

मी पुरती गार झाल्यावर त्यांनी पाणी काढलं आणि बोल्ट फिरवला. कट्ट आवाज झाला. नव्या पंपालाही लावलेला तो जुनाच गंजका बोल्ट मधेच तुटला, अर्धा माझ्या आतच राहिला. "अब इंजन उतारके लेथवाले के पास देना पडता," जब्बारभाई हळूच म्हणाले. "हफ्ता तो जाताइच."

"उद्या माझा वर्ग आहे," सुजाता म्हणाली. "आधी इथेच बघू या."

पंप उतरवल्यावर तुटका तुकडा थोडासा बाहेर आलेला दिसला. जब्बारभाईंनी त्यावर तेल सोडलं, मुरू दिलं, हलकेच ठोकलं, पकडीत धरला. पकड निसटली. सुजाताने बॅटरीचा उजेड जराही हलू दिला नाही. "परत," ती म्हणाली. पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. निर्मलाबाई चहा घेऊन आल्या, तो तसाच गार झाला. जब्बारभाईंचे हात तेलाने निसटायला लागले की ते थांबायचे, शर्टाला पुसायचे आणि पुन्हा पकड लावायचे. मी दुखणं सोसत होते आणि मनात स्वतःलाच म्हणत होते, सोड आता, सोड त्याला. दुपार कलली तेव्हा तो तुकडा केसभर हलला. मग आणखी थोडा. आणि मग सगळाच बाहेर आला.

"आ गया," जब्बारभाई म्हणाले आणि जमिनीवरच बसले.

त्यांनी आटे साफ केले, पंपामागे पाणी अडवणारं नवं गॅस्केट लावलं, नव्या बोल्टला पेस्ट लावली आणि सगळे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळले. पेस्ट वाळू दिली. सोमवारी सकाळी इंजिनातली हवा काढत कूलंट भरलं. या खेपेला खरं कूलंट होतं, नळाचं पाणी नव्हे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. आम्ही फक्त जमिनीवर एक डाग टाकतो. तो पुसून पुढे जाऊ नका. तो कुठून आला, ते सापडेपर्यंत बघा.

मी कोठी ओलांडली, काटा मधेच राहिला. जामबागला निर्मलाबाईंनी रॅम्प सोडला आणि सुजाता आपली आपण खाली उतरली. निर्मलाबाई खुर्चीला हात लावायला पुढे झाल्या.

"नको, आई," सुजाता म्हणाली. "तू गाडीखाली बघ."

निर्मलाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"कोरडं आहे गं," त्या म्हणाल्या, आणि मान वर केली तेव्हा सुजाता वर्गाच्या दारातून आत जात होती.